झाड उभं ठेवण्याची मजुरी

चैत्र सरत आला की कोल्हापुरात वळवाची धास्ती सुरू होते. दुपारनंतर ढग दाटतात, धूळ उठते आणि अर्ध्या तासात गुलमोहराची एखादी खांदी तारांवर, रिक्षावर नाहीतर कुणाच्या पत्र्यावर आडवी होते. त्याआधीच झाड 'कमी करून घ्यायची' घाई लागते. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी अशा जुन्या बंगल्यांच्या भागात उन्हाळाभर टोळ्या फिरत असतात. टेम्पोत कोयते, कुऱ्हाडी, नायलॉनचे दोर, एक शिडी आणि अलीकडे एखादा चेनसॉ. व्यवहार फाटकातच ठरतो. मालक विचारतो, "किती घेणार?" टोळीचा मुकादम मान वर करून झाड न्याहाळतो, मनात लाकडाचा अंदाज बांधतो आणि म्हणतो, "लाकूड आम्हाला द्या, तोडणीचं काही नको."

दोघांनाही सौदा फायद्याचा वाटतो. मालकाचं काम फुकटात होतं, टोळीला वखारीत, वीटभट्टीवर किंवा पॅकिंगच्या पेट्या करणाऱ्याकडे गिऱ्हाईक मिळतं. पण या सौद्यात झाडाच्या बाजूनं बोलणारं कुणीच नसतं. मजुरी लाकडातून सुटणार असेल तर कोयता जाड खांदीवरच पडणार. बारीक, वाळलेली, किडकी फांदी उतरवण्यात कुणाचं पोट भरत नाही, म्हणून ती वरच राहते आणि पुढच्या वळवात खाली येते. झाडाची निगा राखणारा धंदा कोल्हापुरात उभा करायचा तर सुरुवात या सौद्यापासून करावी लागेल. पैसे लाकडाचे न घेता कामाचे घ्यायचे, हा त्या धंद्याचा पाया. बाकीचं सामान थोडक्यात जमतं.

घाव कुठं घालायचा

टोळीतल्या माणसांच्या अंगात कसब असतं, यात शंका नाही. अनवाणी पायांनी ती माणसं वर्षावृक्षाच्या शेंड्यापर्यंत जातात. ज्ञान कमी पडतं ते एका ठिकाणी: फांदी नेमकी कुठं कापायची.

अमेरिकेतले वनरोगशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी आयुष्यभर हाच प्रश्न धरला. चेनसॉ हाती आल्यावर त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कुज कशी पसरते ते पाहिलं आणि 1970 च्या दशकात आपलं म्हणणं मांडलं. माणसाची जखम भरते, म्हणजे मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाचं तसं होत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंती घालतं, कुजलेला भाग कोंडून टाकतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा चुकीचा घाव आजही खोडात तसाच असतो, फक्त दिसत नाही.

फांदी खोडाला मिळते तिथं साल थोडी फुगलेली, वळ्या पडलेली दिसते. आंब्यावर, जांभळावर हा फुगवटा बोटांनी चाचपता येतो. भिंत घालण्याची सगळी तयारी झाडानं तिथं करून ठेवलेली असते. फुगवट्याच्या लगेच बाहेर कापलं तर काही वर्षांत घावाभोवती सालीचं कडं येतं आणि तोंड मिटतं. 'साफ दिसावं' म्हणून खोडाला घासून कापलं तर फुगवटाच जातो आणि कुजीला थेट गाभ्यात वाट मिळते. हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, त्यात पाणी मुरतं, पोपट-साळुंक्यांना ढोली मिळते आणि खोड पोकळ व्हायला लागतं.

जड फांदीला एकच घाव पुरत नाही. वरून करवत घातली की अर्ध्यावर फांदी स्वतःच्या वजनानं मोडते आणि खोडाची साल पट्टीसारखी खालपर्यंत सोलून नेते. म्हणून घाव तीन. पहिला खोडापासून फूट-दीड फुटावर, खालच्या बाजूनं, जाडीच्या पाव-तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. इथं फांदी तुटून खाली जाते आणि साल फाटली तरी पहिल्या घावाशी थांबते. तिसरा, उरलेला खुंट हातानं आधार देत, फुगवट्याच्या बाहेरून सावकाश. पाच मिनिटं जास्त लागतात. घासून कापण्याची सवय जाऊन हे तीन घाव टोळीच्या हातात बसले, तर शहरातल्या कितीतरी झाडांचं आयुष्य वाढेल.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे मुंडण. झाड उंच झालं म्हणून शेंडा उडवायचा, सगळ्या खांद्या निम्म्यावर तोडायच्या आणि वर नुसते सोट ठेवायचे. दोन महिन्यांत त्या सोटांवर हिरवे धुमारे फुटतात आणि मालकाला वाटतं, झाड जोमात आहे. खरं तर पानं गेल्यामुळे उपाशी पडलेलं झाड साठवणीतलं अन्न खर्चून ते धुमारे काढत असतं. ते सालीजवळून फुटलेले असतात, खोडात खोल रुजलेले नसतात. चार-पाच वर्षांत ते जाड होतात, तोवर खालचा सोट कुजलेला असतो, आणि मुंडण ज्या भीतीनं केलं तीच गोष्ट घडते. गुलमोहराचं लाकूड मुळातच ठिसूळ. त्याचं मुंडण म्हणजे पुढच्या अपघाताची तयारी. एका वर्षात झाडाची चौथाईहून जास्त पानं उतरवू नयेत, आणि वयस्कर झाडाची त्याहूनही कमी, हा साधा नियम पाळला तरी पुष्कळ झालं.

कोल्हापुरी झाडांची दुखणी

नुसती छाटणी करून या धंद्याचं वर्ष भरत नाही. पावसाळा संपला की दुसरी कामं निघतात, आणि ती जिल्हाभर आहेत.

आजरा, चंदगड, भुदरगडकडच्या जुन्या आंब्यांवर बांडगुळं लोंबतात. फुलटोच्या पक्षी त्याचं चिकट बी फांदीवर सोडतो, बी सालीत मूळ घुसवतं आणि आंब्याचं पाणी पिऊन वाढतं. बरेच शेतकरी बांडगूळ ओढून काढतात. वरचा झुपका निघतो, आतलं मूळ राहतं आणि ते पुन्हा फुटतं. बांडगूळ जिथं चिकटलंय त्याच्या बरंच खाली, निरोगी लाकडात फांदी कापावी लागते, आणि तीही त्याला फळं धरायच्या आत. एका आंब्यावर हे काम नीट केलं की शेजारचा बागायतदार हाक मारतोच.

आंब्याचा खोडकिडा हे दुसरं दुखणं. बुंध्यावर भुश्श्याचे दाणे आणि ओघळलेला चीक दिसला की आत अळी पोखरत असते. छिद्र शोधून तारेनं अळी काढायची, छिद्र बंद करायचं. छाटणीच्या घावांवर बोर्डो पेस्ट लावायची तर ती शेतावरच बनते: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी. दोन्ही द्रावणं वेगवेगळी, प्लॅस्टिकच्या बादलीत करायची आणि मग एकत्र ओतायची. लोखंडी खिळा किंवा पातं त्यात बुडवून पाहायचं; त्यावर तांबूस थर आला तर आम्लपणा उरलाय, आणखी चुना घालायचा. डांबर, ऑइलपेंट लावायची मात्र जुनी सवय सोडून द्यावी. त्याखाली ओल कोंडते. ढोलीत सिमेंट भरण्याचा प्रकारही असाच. एके काळी अमेरिकेतले नामांकित वृक्षचिकित्सकसुद्धा ढोल्या सिमेंटनं भरत असत. झाड वाऱ्यात डोलतं, सिमेंट डोलत नाही. फटीतून पाणी शिरतं आणि कुज वाढते, हे कळल्यावर त्यांनीच ते बंद केलं.

शहरातल्या झाडांचं दुखणं मुळाशी आहे. पेव्हिंग ब्लॉक आणि काँक्रीट बुंध्याला भिडवलेलं असतं. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितली होती. कोल्हापूरच्या गल्ल्यांतही तेवढंच करायचं आहे. पहार, छिन्नी, फावडं आणि दोन माणसं एवढ्यात हे काम होतं. झाडाला ठोकलेले जाहिरातींचे खिळे आणि आवळलेल्या तारा काढणं हेही असंच. पुण्यातल्या 'आंघोळीची गोळी' या संस्थेनं खिळेमुक्त झाडांची मोहीम लोकांपर्यंत नेली, आणि त्यासाठी एक पक्कड पुरते हे दाखवून दिलं.

जुन्या वडा-पिंपळांना मोठे उपचारही करता येतात. हावड्याच्या वनस्पती उद्यानातला प्रचंड वड 1864 आणि 1867 च्या वादळांत मोडला, पुढे बुरशीनं त्याचा मूळ बुंधा कुजला आणि 1925 मध्ये तो काढून टाकावा लागला. वड मात्र आजही पारंब्यांवर उभा आहे आणि पसरतोच आहे. तेलंगणात महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्रीच्या वडाला वाळवी लागली तेव्हा 2018 मध्ये सलाइनच्या नळ्यांतून थेंब थेंब औषध दिलं गेलं. आपल्याकडे मारुतीच्या पारावर, ग्रामदैवताच्या आवारात असे वड गावोगाव आहेत. खाली येणाऱ्या पारंबीला मातीनं भरलेल्या बांबूच्या नळीतून जमिनीपर्यंत नेलं तर काही वर्षांत तीच खांदीचा टेकू होते. या उपचाराचा खर्च बांबू, माती आणि दर महिन्याची एक फेरी एवढाच.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं भोसे गाव या बाबतीत विसरता येत नाही. तिथला सुमारे 400 वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. लोकांनी आवाज उठवला आणि 2020 मध्ये महामार्गाची आखणी बदलून तो वाचवला गेला. 2022 च्या पावसाळ्याच्या तोंडाशी तो वड कोसळला. करवतीपासून झाड वाचवायला लोक एकत्र येतात, हे भोसेनं दाखवलं. त्यानंतर झाडाचा भार पाहणारा, टेकू देणारा, मुळांची चौकशी करणारा माणूस मात्र तालुक्या-तालुक्यात लागेल, आणि तो पोटापाण्याचा धंदा म्हणूनच टिकेल.

टेम्पोत काय लागतं

सुरुवातीला तीन माणसं लागतात. एक झाडावर, एक दोरावर, एक खाली रस्ता आणि लाकूड सांभाळायला.

वर जाणाऱ्यासाठी बसायचा हार्नेस, 12-13 मिलिमीटर जाडीचा चढाईचा दोर, कापताना कमरेला दुसरा आधार देणारा छोटा दोर आणि हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट. पन्हाळा-पावनखिंडीच्या मोहिमा आणि सह्याद्रीतली चढाई यांमुळे कोल्हापूरच्या पोरांना हार्नेस आणि गाठी नव्या नाहीत. 'प्रुसिक' गाठ गिर्यारोहकांना ठाऊक असते; दोर सैल असला की ती सरकते, भार आला की आवळते. झाडावर हीच गाठ माणसाला हव्या त्या उंचीवर धरून ठेवते. तालमीत दोर चढलेल्या हातांना तर निम्मी तयारी आधीच असते. पण डोंगरातला दोर आणि झाडावरचा दोर एकच समजू नये. घासला, कापला गेला किंवा ऑइल सांडलं की तो दोर चढाईतून बाद करायचा.

कापण्यासाठी ओढून चालणारी हातकरवत आणि लांब दांड्याची करवत. मनगटाएवढ्या जाडीपर्यंत बहुतेक काम यांवर होतं, आणि घाव कोयत्यापेक्षा कितीतरी साफ येतो. चेनसॉ सुरुवातीला एकच पुरे, 14-16 इंची बारचा, आणि तो जमिनीवरच वापरायचा. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. बहुतेक नव्या यंत्रांना लिटरला 20 मिलिलिटर लागतं, तरी कंपनीचं माप पाहूनच मिसळावं. साखळीच्या ऑइलची टाकी वेगळी असते. ती रिकामी राहिली तर बार तापून निळा पडतो. इंजिन बिघडलं तर कोल्हापूरकरानं काळजी करू नये. शिवाजी उद्यमनगरात इंजिन उघडून बसणाऱ्यांची परंपरा पिढ्यांची आहे.

साखळीला धार लावायला गोल कानस हवी. आजच्या साखळीचा दातही झाडाकडूनच शिकलेला आहे. 1946 च्या सुमारास अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं ओंडक्यातली भुंग्याची अळी निरखली. ती डावी-उजवी हलत आडवं-उभं लाकूड सहज खात होती. तिच्या जबड्यासारखे डावे-उजवे दात त्यानं साखळीला दिले. ते दात बोथट झाले की भुगा पिठासारखा बारीक पडतो. धार असेल तर चपट्या ढलप्या निघतात. टेम्पो सुटण्याआधी सकाळी दहा मिनिटं कानस फिरवली तर दिवसभर हात दुखत नाही आणि पेट्रोलही वाचतं.

फांदी खाली उतरवायचा दोर आणि पुली वेगळे ठेवायचे. इथं दोरावरच्या माणसाची हुशारी लागते. फांदीला बांधलेला दोर वरच्या मजबूत खांदीवरून घेऊन खाली बुंध्याला दोन-तीन वेढे द्यायचे. घर्षणामुळे चार माणसांना न आवरणारी फांदी एक माणूस हळूहळू सोडत आणतो. खाली कौलं असोत, गाडी असो की तुळशीवृंदावन, फांदी त्यांच्यावरून वळून मोकळ्या जागी टेकते. टोळीला आणि या कामाला एकाच नजरेत वेगळं करणारं हेच दृश्य आहे. गिऱ्हाईक पुढच्या वेळी त्यासाठीच बोलावतं.

जीव आणि कायदा

या कामात माणसं मरतात, हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे. विजेची तार जवळ असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. ओली फांदी आणि ओला दोर दोन्ही वीज वाहतात. चेनसॉच्या बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उलटं उसळतं, म्हणून एका हातानं, खांद्याच्या वर किंवा शिडीवर उभं राहून तो कधीच चालवायचा नाही. आग्या मोहोळ आणि घरटी आधी पाहायची. उन्हाळ्यात कितीतरी पक्षी घरटी करतात, म्हणून तातडीचं नसेल ते काम पुढं ढकलायचं. तिघांचाही विमा पहिल्या दिवशी काढायचा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. ते पुरेसं नाही, पण सुरुवात म्हणून चालेल.

महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्यात झाड 'तोडणे' याचा अर्थ फार विस्तृत आहे. जाळणं, कापणं, फांद्या छाटणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं, सगळं त्यात येतं. झाड आपल्या अंगणातलं असलं तरी शहरात महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट घातली. गावाकडं 1964 चा वृक्षतोड कायदा आणि काही जातींच्या लाकडाला वाहतुकीचा पास आड येतो. बरेच मालक या कटकटीमुळे रात्रीत काम उरकून घेतात. नव्या धंद्यानं नेमकी हीच कटकट आपल्याकडं घ्यावी: झाडाचा फोटो, दुखण्याची दोन ओळींची नोंद, कुठल्या फांद्या काढणार त्यावर खुणा, आणि अर्ज. तपासणीला अधिकारी आला की त्याच्यापुढं तयार कागद असेल. आपण कामाचे पैसे घेतो, लाकडाचे नाही, हे त्या कागदावरून दोघांनाही कळेल.

हिशेब

भांडवल मोठं नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. मुद्रा योजनेच्या शिशू गटात 50 हजारांपर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्ज मिळतं. दोर, हार्नेस, करवती आणि चेनसॉ घ्यायला या रकमा उपयोगी पडतात. टेम्पो पहिली दोन वर्षं भाड्यानंच घ्यावा.

काम कुठं मिळेल? शिवाजी विद्यापीठाचा परिसर 853 एकरांचा आहे. शाळा, दवाखाने, साखर कारखान्यांच्या वसाहती, अपार्टमेंटच्या सोसायट्या, देवस्थानांची आवारं, प्रत्येक ठिकाणी जुनी झाडं आहेत आणि खाली माणसं वावरतात. या सगळ्यांना वळवाच्या आदल्या दिवशी येणारा माणूस नको आहे. वर्षातून दोनदा येऊन झाड पाहणारा, नोंदवही ठेवणारा आणि 'यंदा काही करायची गरज नाही' असंही सांगणारा माणूस हवा आहे. वार्षिक करारावर हा धंदा उभा राहिला तर उन्हाळ्याची गर्दी बारा महिन्यांत वाटली जाते. उतरवलेला पाला आणि काटक्या मालकाच्याच बागेत आच्छादन म्हणून पसरल्या तर गाडीभाडंही वाचतं.

मजुरी कशी लावायची हा शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. दिवसावर किंवा झाडावर, पण आधी ठरवून आणि लिहून. लाकूड निघालं तर ते मालकाचं. त्याला नको असेल तर विकून येणारी रक्कम बिलातून वजा करून दाखवायची. एवढ्यानं कापणाऱ्याची नजर बदलते. जाड खांदी मोह पाडत नाही, वाळकी फांदी दिसायला लागते.

हा बदल निम्मा आपल्या, गिऱ्हाइकांच्या हातात आहे. आज ज्या टोळ्या फिरताहेत त्यांतल्याच कित्येकांना तीन घाव, एक हार्नेस आणि योग्य मजुरी दिली तर ते झाडांचे वैद्य होतील. त्यांचे हात तयारच आहेत. या उन्हाळ्यात मुकादम फाटकात येऊन "लाकूड आम्हाला द्या" म्हणाला, तर त्याला थांबवून सांगावं: लाकूड झाडावरच राहू दे, मोडकं-किडकं तेवढं उतरव, आणि त्याचे रोख पैसे घेऊन जा.